‘मोरीत घसरून पडले’: एका पेशंटच्या बेडपाशी नर्सिंगची मुलं काय बोलली

मी नर्सिंग शिकवते, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, मुली असतात आमच्याकडे, थोडी मुलंही असतात, आणि पोस्टिंग सरकारी दवाखान्यात, ज्याला सगळे सिव्हिलच म्हणतात. हे प्रकरण तिथल्या एका पेशंटचं आहे आणि तितकंच तिच्या बेडभोवती उभ्या असलेल्या माझ्या सेकंड इयरच्या स्टुडंट्सचं. पेशंटची ओळख पटेल असं सगळं बदललंय, गाव, वय, घरची माणसं, सगळं. स्टुडंट्सची नावं तर देणारच नाही. पण जे बोललं गेलं ते शक्य तितकं जसंच्या तसं ठेवलंय, कारण बाईवर होणाऱ्या हिंसेबद्दल आपल्या नर्सिंगच्या मुलांना खरंच काय वाटतं ते पेपरात लिहिलेल्या उत्तरात दिसत नाही, ते ट्रीटमेंट रूममध्ये ट्रे लावता लावता बोलतात त्यात दिसतं.

ही बॅच कशी होती ते आधी सांगते, नाहीतर गैरसमज होईल. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर मेडिकल कॉलेजमध्ये ड्युटीवरच्या ट्रेनी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला तेव्हा याच मुलींनी काळ्या फिती लावून ड्युटी केली, हॉस्टेलवर रात्री मेणबत्त्या लावल्या, स्टेटस ठेवले, रडल्या पण. अरुणा शानबाग हे नाव त्यांना पाठ आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलची नर्स, २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून अत्याचार केला, आणि १८ मे २०१५ ला ती गेली तोपर्यंत जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी तिला सांभाळलं. हे सांगताना वर्गात एकही मुलगी मान खाली घालून बसत नाही, सगळ्यांचे डोळे पेटलेले असतात. तेव्हा या मुलींना हिंसेचं काही वाटत नाही असं कुणी म्हणलं तर मी भांडेन. अनोळखी माणसाने, ड्युटीवर, रात्री केलेली हिंसा त्यांना शंभर टक्के हिंसा वाटते. नवऱ्याने संध्याकाळी घरात केलेली वाटते का, तर तिथे गोष्ट बदलते, आणि हे प्रकरण तिथलंच आहे.

पेशंट

फिमेल सर्जिकल वॉर्ड. पंचविशीच्या आतबाहेरची बाई, दोन लेकरं, नवरा ट्रॅक्टरवर कामाला. डाव्या हाताचं हाड मोडलेलं, स्लॅब, म्हणजे अर्धं प्लॅस्टर, घातलेला, सोबत सासू. कॅज्युअल्टीच्या केस पेपरवर हिस्टरी एका ओळीत, बाथरूममध्ये पडून इजा. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद, नाही.

एका मुलीला मी हा बेड केअर प्लॅनसाठी दिला. हुशार मुलगी, अक्षर सुंदर, व्हायटल्स, म्हणजे नाडी, ताप, बीपी, कधी चुकत नाहीत. सकाळी तिने स्पंजिंग केलं, बेड केला आणि वही माझ्यापुढे ठेवली. त्वचेच्या रकान्यात लिहिलं होतं ‘इन्टॅक्ट, बेडसोर नाही’. मी पेशंटजवळ गेले, खांद्यावरचा पदर जरा बाजूला झाला तर दंडाच्या आतल्या बाजूला बोटं रुतल्यासारखे चार गोल डाग, आणि पाठीवर खांद्याच्या फऱ्यापाशी पिवळट पडलेला एक मोठा वळ. मी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, हे दिसलं नाही का. म्हणाली, दिसलं ना मॅम, पण स्किन फाटलेली नाही, म्हणून इन्टॅक्ट लिहिलं.

ती खोटं लिहीत नव्हती, रकाना विचारतो तेवढंच तिने भरलं. तिला डाग दिसले, हात फिरवताना बाई कळवळलेली तिने पाहिली, तरी ती गोष्ट कुठे लिहायची असते किंवा त्याबद्दल काही विचारायचं असतं हे तिच्या डोक्यात आलंच नाही, कारण आम्ही शिकवलेल्या फॉर्मॅटमध्ये तशी जागाच नव्हती.

मग आम्ही सगळे एक्सरे बघायला गेलो. अल्ना, म्हणजे कोपर ते मनगट यातलं करंगळीच्या बाजूचं हाड, मधोमध मोडलेलं; अंगठ्याच्या बाजूचं रेडियस धड. आता माणूस घसरून पडला की हात टेकवतो, तेव्हा बहुतेक वेळा मनगटापाशी रेडियस मोडतं, हे यांना ऑर्थोच्या धड्यात शिकवलेलं असतं. एकटं अल्ना मधोमध मोडतं ते सहसा त्यावर थेट काहीतरी आदळलं की, आणि डोक्यावर येणारा फटका अडवायला आपण हात आडवा धरतो तेव्हा पुढे येतं ते हेच हाड. एवढ्यावरून नवऱ्याने मारलं असं सिद्ध होत नाही, मोरीच्या कट्ट्याच्या कडेवर हात आपटूनही होऊ शकतं. वळाच्या रंगावरून नेमकी तारीखही काढता येत नाही. पण ताजा फ्रॅक्चर आणि जुना पिवळा वळ एकाच अंगावर असेल आणि हिस्टरी एकदाच पडल्याची असेल तर नर्सने थांबून विचार करायला पाहिजे, एवढं मी सांगितलं आणि गप्प बसले, मुलं काय बोलतात ते ऐकायचं होतं.

ट्रीटमेंट रूममधलं बोलणं

पहिलं वाक्य आलं ते हेच, “मॅम, काहीतरी केलंच असंल ना हिनी, उगंच कोण मारतंय.”

दुसरी म्हणाली, घरगुती मॅटर आहे, आपण प्लॅस्टर बघायचं, इंजेक्शन द्यायचं, बाकीचं त्यांचं ते बघतील. तिसरी जरा चिडूनच, एवढं मारतोय तर सोडून का जात नाही मग. ग्रुपमधला एकुलता एक मुलगा शेवटपर्यंत गप्प होता, मग म्हणाला, “आपण विचारायचं आणि उद्या तिचा नवरा वॉर्डात येऊन आपलीच कॉलर धरणार, तेव्हा मागं कोण उभं राहणारय मॅम?”

आणि ज्या मुलीने वहीत इन्टॅक्ट लिहिलं होतं ती म्हणाली, “माझी आई लग्न झाल्यापासून सहन करतीय, ती कधी अशी रडत दवाखान्यात आली नाही.”

खोलीत एकदम शांतता झाली. मी पण काही बोलले नाही त्यावर, सगळ्यांसमोर तो विषय काढणं बरोबर नव्हतं, नंतर एकटीला भेटले आणि ते तिचं तिच्यापाशी राहू दे. पण शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. आपण धरून चालतो की जिने घरात मार पाहिलाय तिला मार खाल्लेल्या बाईबद्दल जास्त माया असणार. कधी कधी असते, पण खूपदा उलटं होतं. आईचं सहन करणं हे तिच्या घरातलं सगळ्यात मोठं कर्तृत्व असतं, त्याच्या जिवावर ती शिकायला आलेली असते, आणि समोरच्या बाईने हे सहन करण्यासारखं नाही असं म्हणलं की आईने जे केलं ते मग काय होतं हा प्रश्न उभा राहतो. त्या वयात तो प्रश्न झेपत नाही. म्हणून ती पेशंटवरच कडक होते.

त्या मुलाच्या वाक्याला मी वाईट वृत्ती म्हणणार नाही. ती भीती खरी आहे. दवाखान्यातल्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० चा वेगळा कायदा आहे, तरी नाईटला वॉर्डात दोन सिस्टर आणि पन्नास नातेवाईक असतात तेव्हा कायदा काही तिथे उभा नसतो. आणि मुलींना स्वतःलाही कमी त्रास नाही, नातेवाईकांचे शेरे, मोबाईलवर फोटो काढणं, नर्सिंगच्या पोरी म्हणजे अशाच असं गावात बोललं जाणं. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात ट्रेनी पण येतात, तक्रार समितीकडे जाता येतं, हे त्यांना माहीत नसतं कारण समितीचा बोर्ड ऑफिसच्या दारामागे लावलेला असतो. जिला स्वतःला कुणी विचारत नाही, तिने दुसरीला कसं विचारायचं हे आपोआप येईल अशी अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

सोडून का जात नाही, या प्रश्नावर मात्र मी थांबले आणि त्याच मुलीला सांगितलं की तूच आता उत्तर लिही, ही बाई आज संध्याकाळी डिस्चार्ज घेऊन सासरी गेली नाही तर कुठे जाईल, लेकरं कुणाकडे आहेत, बसचं भाडं कुणाच्या खिशात आहे, माहेरी भावजय काय म्हणेल, रेशनकार्डावर नाव कुठे आहे. ती लिहायला बसली आणि थोड्या वेळाने वही मिटून म्हणाली, मॅम, कुठंच नाही.

सात प्रश्न

त्याच आठवड्यात मी वर्गात एक काम केलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायका आणि पुरुषांना सात कारणं वाचून दाखवतात आणि प्रत्येकाला विचारतात की या कारणावरून नवऱ्याने बायकोला मारणं बरोबर आहे का. न सांगता बाहेर गेली, घराकडे किंवा लेकरांकडे दुर्लक्ष केलं, उलट बोलली, संबंधाला नाही म्हणाली, स्वयंपाक नीट केला नाही, नवऱ्याला तिचा संशय आला, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. मी तेच सात प्रश्न चिठ्ठीवर दिले, नाव लिहायचं नाही, हो किंवा नाही, चिठ्ठी घडी करून डब्यात.

२०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातल्या ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सातातल्या एकातरी कारणाला हो म्हणलंय. बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा कमी नाही हे बघून वर्गातल्या मुली आधी मानायलाच तयार नव्हत्या. एका वर्गाच्या चिठ्ठ्यांवरून मी टक्केवारी काढणार नाही, पण आमच्या डब्यात काय निघालं ते सांगते. स्वयंपाकाला जवळजवळ सगळ्यांनी नाही लिहिलं होतं, तिथे त्यांना राग आला होता, काही जणींनी ‘नाही’च्या खाली दोन रेघा ओढल्या होत्या. सासू-सासऱ्यांच्या मानापाशी मात्र हो दिसायला लागले. काहींनी हो नाही काहीच न लिहिता बाजूला लिहिलं होतं, ‘एखादी चापट चालेल पण जास्त नाही’. देशातही हेच कारण सगळ्यात वर आहे, साधारण ३२ टक्के बायका सासरच्यांच्या अपमानासाठी मारणं बरोबर मानतात, त्याखालोखाल घर आणि लेकरांकडे दुर्लक्ष, २८ टक्के.

एखादी चापट चालेल, यावर आम्ही तासभर बोललो. मी व्याख्यान नाही दिलं. फक्त विचारलं की वॉर्डात कामावरून इन्चार्ज सिस्टरने तुला एखादी चापट मारली तर चालेल का. सगळ्या एकदम, नाही मॅम, मी तर सोडणार नाही. मग मी विचारलं, काम चुकलं असेल तरी? तरी नाही. तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

या मुली समाजशास्त्राच्या पेपरात सामाजिक समस्या या धड्याखाली स्त्रियांवरील हिंसाचाराची कारणं आणि उपाय अगदी सुरेख लिहितात, मार्कही मिळतात. तो धडा आणि तो बेड यांचा संबंध जोडायला मात्र कुणीतरी तिथे उभं राहायला लागतं.

परत विचारलं

पहिल्यांदा हिस्टरी घेतली होती तेव्हा सासू उशाशी बसलेली होती आणि विद्यार्थिनीने मोठ्या आवाजात विचारलं होतं, कसं लागलं. सासूनेच उत्तर दिलं, मोरीत घसरली. बाईने मान हलवली. याला हिस्टरी घेणं म्हणत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की येणाऱ्या प्रत्येक बाईला सरसकट विचारत सुटायचं नाही, पण खुणा दिसल्या तर विचारायचं, आणि विचारायचं तर एकटीला, आडोसा करून, पुढे काय करायचं हे स्वतःला माहीत असेल तर. त्यांच्या २०१४ च्या हँडबुकमध्ये पुढची वाटही सोपी करून दिलीय: नीट ऐकून घ्या, तिला काय हवंय ते विचारा, तुझ्यावर विश्वास आहे हे तिला कळू द्या, जिवाला धोका किती आहे बघा, आणि मदत कुठे मिळते तिथपर्यंत पोचवा. यातलं एकही काम सेकंड इयरच्या मुलीला जमणार नाही असं नाही.

आम्ही आधी आपसात सराव केला. एक जण पेशंट, एक जण नर्स. नर्स झालेली मुलगी मायेने म्हणाली, सांगा ताई, मी कुणालाच सांगणार नाही. मी तिथेच थांबवलं. हे वचन द्यायचंच नाही. सरकारी दवाखान्यात मारहाणीतून हाड मोडलंय असं कळलं की डॉक्टर एमएलसी करणार, पोलीस चौकीला कळवणार, आणि मग त्या बाईला वाटणार की नर्सने गोड बोलून फसवलं. आधी सांगायचं, काय सांगितलं की काय होतं, मग तिला ठरवू द्यायचं. मुलींना हे अवघड गेलं, त्यांना वाटलं असं सांगितलं तर ती बोलणारच नाही. नाही बोलली तर नाही बोलली, तोही तिचा हक्क आहे.

दुसऱ्या दिवशी सासूला औषधाच्या काउंटरवर पाठवलं, रांग होतीच. वॉर्डातली एकुलती एक स्क्रीन ओढून घेतली. इन्टॅक्ट लिहिणाऱ्या मुलीनेच विचारलं, मी पायाशी उभी होते. ती म्हणाली, ताई, असं हाताला लागतं तेव्हा कधी कधी घरात कुणी मारल्यामुळे पण लागलेलं असतं, म्हणून आम्ही विचारतो, तुमच्या बाबतीत तसं काही झालंय का. मारहाण असेल तर डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, पण तक्रार द्यायची का नाही ते तुमच्यावर.

बाई म्हणाली, नाही.

मुलीने बरं म्हणून स्लिंग सारखी करायला घेतली. गाठ मानेमागे सोडून परत बांधत होती तेव्हा बाई बोलायला लागली, खाली बघूनच. मोटर बंद करायची राहिली होती, टाकी भरून पाणी अंगणात गेलं, त्याच्यावरून झालं. दांडकं डोक्यात बसणार होतं, हात आडवा घातला. पाठीवरचं आधीचं आहे, दिवाळीच्या वेळचं वेगळं होतं. एकदा सुरू झाल्यावर सरळ सांगत गेली, रडलीसुद्धा नाही.

मुलगी म्हणाली, ताई तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, यात तुमची चूक नाही.

नंतर ड्युटी संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मॅम, ते वाक्य बोलताना मला खोटं बोलल्यासारखं वाटत होतं. टाकी वाहून गेली तर चूक आहेच ना तिची. आमच्याकडं पाण्याला किती हाल आहेत.” मी तिला म्हणलं, पाणी वाया गेलं ही चूक असेल, हात मोडणं त्या चुकीत येतं का. ती बराच वेळ गप्प बसली, हो पण नाही म्हणाली आणि नाही पण नाही. मला तिच्या खरं बोलण्याचं फार मोल वाटलं. बाहेरून अगदी बरोबर वाक्य बोलणारी आणि आतून पटलेलं नसणारी मुलगी पुढे दहा वर्षांनी इन्चार्ज होते तेव्हा ते बरोबर वाक्य विसरते, आतलं तेवढं राहतं. तिने ते बोलून दाखवलं म्हणून त्यावर काम तरी करता आलं.

कागदावर काय आलं

डॉक्टरांना सांगितलं. रेसिडेंट चांगला होता, परत तपासलं, जुन्या-नव्या सगळ्या खुणा आकृतीवर मांडल्या, एमएलसी केली. अडचण आली ती नर्सेस नोट्सवर. मुलीने लिहिलं, ‘पेशंट सांगतात की पतीने आदल्या दिवशी संध्याकाळी लाकडी दांडक्याने डाव्या हातावर मारले’. इन्चार्ज सिस्टरनी ते वाचलं आणि म्हणाल्या, आधीच्या पेपरवर पडली लिहिलंय, आता तुम्ही वेगळं लिहून ठेवता, उद्या कोर्टात खेटे कोण घालणार, तुमच्या स्टुडंट की मी? खोडा ते.

खोडलं नाही. पण त्यांचा राग मला कळतो, त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत साक्षीचं समन्स आलं की रजा टाकून स्वतःच्या खर्चाने जावं लागलेलं आहे, त्यांच्या बाजूने कुणी बोललं नाही. मुलींना मी तिथेच समजावलं की नर्सने काय लिहायचं, तर पेशंट जे सांगते ते तिच्या शब्दांत आणि डोळ्यांना जे दिसतं ते मोजून, कुठे, केवढं, कोणत्या रंगाचं. कथित म्हणायचं नाही, खोटं बोलत असावी असा वास येईल असं काही लिहायचं नाही, आणि स्वतःचा निकालही द्यायचा नाही. कोर्टात केस उभी राहते तेव्हा बाईच्या बाजूने बोलणारा पहिला कागद बहुतेक वेळा दवाखान्याचा असतो, आणि त्यात ‘पडली’ एवढंच असेल तर समोरचा वकील तेच फिरवून फिरवून वाचतो.

कायद्याचंही इथेच सांगते कारण मुलींना वाटत होतं की आपण काहीतरी आगाऊपणा करतोय. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याच्या कलम ७ प्रमाणे बाईने मदत मागितली तर दवाखान्याने उपचार द्यायचेच आहेत. नियमांत असंही आहे की आधी कुठे रिपोर्ट केलेला नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत, रिपोर्ट झालेला नसेल तर दवाखान्याने तो ठरलेल्या फॉर्ममध्ये भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली बायकांच्या मदतीसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, पाठवायचा, आणि वैद्यकीय अहवालाची कॉपी बाईला फुकट द्यायची. फुकट कॉपीचं ऐकून मुली चकित झाल्या, कारण रेकॉर्ड सेक्शनची खिडकी त्यांनी पाहिलेली होती.

ती परत गेली

चौकीचा हवालदार आला. बाई म्हणाली, मला तक्रार द्यायची नाही. नवरा दुसऱ्या दिवशी आला, शांतपणे कोपऱ्यात उभा राहिला, लेकरासाठी बिस्किटं आणली होती. मुली त्याच्याकडे अशा बघत होत्या की मला त्यांना बाहेर पाठवावं लागलं, कारण आपल्या नजरेची शिक्षा घरी गेल्यावर तिलाच मिळणार. डिस्चार्ज झाला आणि ती सासरी गेली.

आणि मग सगळ्यांचा उत्साहच गेला. पहिलं वाक्य बोलणारी म्हणाली, बघा मॅम, म्हणलं होतं ना, यांना राहायचंच असतंय.

हे वाक्य मला त्या सगळ्या दिवसांत सगळ्यात जास्त लागलं. कारण नर्सिंगची मुलगी इथे हरली की ती पुढच्या बाईला विचारतच नाही. म्हणून मी त्यांना तेच सर्वेक्षण परत उघडायला लावलं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झालेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी कधीच मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही, मदत मागितलेल्या १४ टक्के. महाराष्ट्रात लग्न झालेल्या १८ ते ४९ वयातल्या चारातल्या एकीने, २५.२ टक्के, नवऱ्याचा मार किंवा लैंगिक बळजबरी सोसलेली आहे. म्हणजे आमच्या त्या वॉर्डात त्या दिवशी आणखी किती जणी होत्या याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. त्या ७७ मधून एक बाई बाहेर आली आणि ती एका सेकंड इयरच्या मुलीशी बोलली. तिला फोन नंबर पाठ झाला होता, १८१, महिला हेल्पलाइन, चिठ्ठीवर लिहून दिला नव्हता कारण चिठ्ठी सासूला सापडली असती, मुलीने तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला होता. पुन्हा मारायला लागला तर कुठल्या खोलीत जायचं नाही, म्हणजे स्वयंपाकघरात नाही, शेजारची कोण दार उघडेल, लेकरांना काय सांगून ठेवायचं, कागदपत्रं कुठे ठेवायची, हे बोलून झालं होतं. याला काम म्हणतात. नवरा सोडणं हे नर्सने मोजायचं नसतं.

मुंबईत बांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये महापालिका आणि सेहत संस्थेने २००० साली दिलासा केंद्र सुरू केलं ते याच विचाराने, समुपदेशन दवाखान्यातच, म्हणजे बाईला घरी दवाखान्यात जाते एवढंच सांगून येता येतं, आणि तिला तिथपर्यंत आणून सोडणारी माणसं म्हणजे तिथल्याच नर्सेस आणि डॉक्टर, त्यासाठी ट्रेनिंग दिलेली. पुढे हे मॉडेल मुंबईतल्या आणखी दवाखान्यांत गेलं. आमच्याकडे सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसा सोसलेल्या बाईला एकाच ठिकाणी मदत मिळायचं सरकारी केंद्र, आहे, चांगली माणसं आहेत, पण वॉर्डातून तिथे कुणी पाठवलंच नाही तर ती बाई पोचणार कशी.

प्लॅस्टर काढायला ती आली तेव्हा सोबत भाऊ होता. माहेरी राहत होती. माझी स्टुडंट तेव्हा ओपीडीला पोस्टिंगवर होती, तिला बघून बाईने विचारलं, ते माझं लिहिलेलं कागद मिळतील का ताई. मुलगी तिला घेऊन रेकॉर्ड सेक्शनला गेली. तिथे आधी अर्ज मागितला, मग फी सांगितली, मुलीने नियम सांगितला, क्लार्कने ऐकलं नाही, ती वरच्या साहेबांकडे गेली आणि कॉपी घेऊनच आली. त्यात एमएलसीचा कागद होता आणि तिच्याच सुंदर अक्षरातली ती नर्सेस नोट्सची ओळ होती. संरक्षण अधिकाऱ्यांचं ऑफिस कुठे आहे ते भावाला नीट सांगून पाठवलं.

मुलांमध्ये काय फरक पडला हे विचारलं तर मी फार मोठं काही सांगणार नाही. काहीतरी केलंच असंल म्हणणारी मुलगी अजूनही म्हणते की बाईने जरा सबुरीने घ्यावं, संसार मोडू नये. तिचं मत आहे, मी त्यावर वाद घालते, ती पण घालते. पण परवा मेडिसिन वॉर्डात विषबाधेची एक तरुण पेशंट आली, चुकून पिलं असं नातेवाईक सांगत होते, तेव्हा हिस्टरी घ्यायच्या आधी याच मुलीने न सांगता नातेवाईकांना बाहेर काढलं. गप्प बसणारा मुलगा आता पुरुष नातेवाईकांना बोलण्यात गुंतवून ठेवायचं काम करतो, त्याला ते छान जमतं, आणि तो तिथे असला की मुलींना भीती कमी वाटते.

केअर प्लॅनच्या आमच्या फॉर्मॅटमध्ये आता त्वचेच्या रकान्यानंतर आकृती आणि दोन ओळी वाढवल्यात, खुणा कुठे आहेत आणि पेशंट त्याबद्दल स्वतः काय सांगते, नातेवाईक सांगतात ते वेगळ्या ओळीत. इन्चार्ज सिस्टरनी अजून त्याला होकार दिलेला नाही. त्यांच्यासाठी कोर्टातल्या साक्षीबद्दल एक सेशन ठेवायचंय, साक्षीला गेल्यावर ड्युटी धरावी आणि भाडं मिळावं असं मेट्रन मॅडमना लेखी दिलंय, कारण ते झाल्याशिवाय त्यांनी स्टुडंट्सच्या पाठीशी उभं राहावं हे मी कोणत्या तोंडाने सांगू.

पुढची पोस्टिंग प्रसूती वॉर्डात आहे. तिथेही सगळ्या बेडमागे स्क्रीन एकच आहे आणि ती कॅथेटर घालायला लागते तेव्हा मिळत नाही. आणखी दोन स्क्रीनची मागणी दिलीय, तोवर एएनसी, म्हणजे गरोदरपणातल्या, तपासणीची छोटी खोली दुपारी दोननंतर रिकामी असते, ती मागून घेतलीय.